पाचवीला बोर्ड, मग पहिलीला काय?

फेब्रुवारी लागला की जुनी इंदूरमध्ये, चंद्रभागा, हाथीपाला, रावजी बाजार या वस्त्यांतल्या मराठी घरांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो: "यंदा पाचवीला बोर्ड आहे ना हो?" विचारणारी आजी असेल तर तिच्या डोळ्यांसमोर तिच्या मुलांच्या वेळची पाचवी बोर्ड असते. विचारणारी आई असेल तर तिचा पुढचा प्रश्न तयार असतो: "पाचवीला बोर्ड येणारच आहे, तर पहिलीपासून टेस्टची सवय लावलेली बरी नाही का?"

या प्रकरणात या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं आहे. माझं मत आधीच सांगून ठेवतो. लहान मुलाला काय येतं हे वारंवार पाहायला हवं, आजच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा पाहायला हवं. पण तारीख, बैठक, छापील पर्चा, गुण आणि पास-नापास अशी परीक्षा पहिली-दुसरीच्या मुलाला देऊ नये. ही दोन वाक्यं एकमेकांच्या विरुद्ध वाटतील. ती तशी का नाहीत, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

१. कायदा काय म्हणतो

शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या ३०व्या कलमानुसार आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलावर बोर्डाची परीक्षा पास होण्याची सक्ती करता येत नाही. १६व्या कलमाने मुलाला त्याच वर्गात मागे ठेवायला मनाई केली. मध्य प्रदेशातली जुनी पाचवी आणि आठवी बोर्ड त्यामुळे संपली. लोकांनी याचा अर्थ 'परीक्षाच बंद' असा घेतला, पण कायद्यात तसं नव्हतं. २९व्या कलमात सातत्यपूर्ण आणि सर्वंकष मूल्यमापन मागितलं होतं. म्हणजे शिक्षकाने वर्षभर मुलाचं काम पाहत राहायचं, नोंद ठेवायची आणि जिथे मूल अडलं तिथे हात द्यायचा. बहुतेक शाळांत यातलं नापास न करणं तेवढं पाळलं गेलं आणि वर्षभर पाहत राहणं कागदावर राहिलं.

२०१९ साली कायदा बदलला. पाचवी आणि आठवीच्या वर्षअखेरीस नियमित परीक्षा घ्यायची, कमी पडलेल्या मुलाला ज्यादा शिकवायचं, निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा द्यायची, आणि तरीही जमलं नाही तर मागे ठेवायचं की नाही हे राज्याने ठरवायचं. मध्य प्रदेशाने २०२२-२३ पासून सरकारी आणि खासगी अशा दोन्ही शाळांना बोर्डाच्या धर्तीवर ही परीक्षा लावली. वार्षिक लेखी ६० गुण, अर्धवार्षिक २० आणि प्रोजेक्ट २०. पास व्हायला ३३ टक्के. पहिल्या वर्षी पाचवीत ८२.२७ टक्के मुलं पास झाली, २०२५ मध्ये ९२.७० टक्के. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये पाचवी-आठवीचा नियम बदलला आणि केंद्राने आपल्या शाळांसाठी डिसेंबर २०२४ मध्ये.

पण पहिली ते चौथीसाठी काहीच बदललेलं नाही. त्या वर्गांत नापास करायला आजही मनाई आहे. खासगी शाळांतल्या पहिलीच्या युनिट टेस्ट, त्यांचं वेळापत्रक आणि त्यासाठी लावलेली ट्यूशन यांतलं काहीही कायद्याने मागितलेलं नाही. प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापांची चाचणी घेणं तर १३व्या कलमाने दंडनीय केलं आहे. पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत, त्यानंतर दर वेळी ५०,०००. हे अनेक पालकांना ठाऊकच नसतं आणि मुलाला घेऊन ते 'इंटरव्ह्यू'ला जातात.

२. एका परीक्षेकडून तीन कामं

आपण परीक्षा म्हणतो तेव्हा तिच्याकडून तीन वेगळी कामं मागत असतो. मूल कुठे अडलंय हे शिक्षकाला कळावं, हे पहिलं. मुलाला पुढच्या वर्गात घालायचं की नाही हे ठरावं, हे दुसरं. शाळा नीट शिकवते आहे का हे सरकारला आणि पालकांना समजावं, हे तिसरं. तिन्ही एकाच पर्च्याने होतील असं आपण धरून चालतो आणि सगळी गल्लत तिथूनच सुरू होते.

तिसऱ्या कामाचं उत्तर आपल्या बोलण्यातच आहे: शितावरून भाताची परीक्षा. भात शिजला का ते पाहायला आपण पातेलं रिकामं करत नाही, चार शितं दाबून पाहतो. शीत कच्चं लागलं तर आच आणि पाणी बघतो, शिताला बाजूला काढून ठेवत नाही. शाळांची स्थिती कळायलाही प्रत्येक मुलाला परीक्षेला बसवावं लागत नाही. मार्च २०२२ मध्ये एनसीईआरटीने तिसरीच्या मुलांची देशभर पाहणी केली, तेव्हा सुमारे १०,००० शाळांतली ८६,००० मुलं निवडली होती. देशातल्या तिसरीच्या मुलांचा हा अगदी लहान हिस्सा, तरी राज्याराज्यांतला फरक दिसायला तो पुरला. आणि ही पाहणी मुलाला एकेकटं समोर बसवून, बोलून केलेली होती.

आता उरली पहिली दोन कामं. मदत करण्यासाठी पाहायचं असेल तर मुलाने न लाजता चुकायला हवं. निकाल लावण्यासाठी पाहायचं असेल तर मूल, आई, शिक्षक आणि शाळा, सगळेच चूक झाकायला लागतात. दोन्ही हेतू एका पर्च्यात घातले की दुसरा पहिल्याला खातो.

३. सहा वर्षांचं मूल आणि छापील पर्चा

पर्चा काय मोजतो? पंधरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत बहुतांशी विषयाची समज. सहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत आणखी बऱ्याच गोष्टी: पेन्सिल धरता येते का, सूचना वाचता येते का, तासभर एका जागी बसता येतं का, आज सकाळी पोट दुखत होतं का. गणिताच्या पर्च्यात गुण कमी पडले तर यातलं काय कमी पडलं, हे पर्चा सांगत नाही.

वयाचंच घ्या. पहिलीच्या एका वर्गात नुकती सहा पूर्ण झालेली मुलगी आणि सातवं पूर्ण होत आलेली मुलगी शेजारी शेजारी बसतात. दोघींत जवळजवळ वर्षाचं अंतर. धाकटीच्या आजवरच्या आयुष्याच्या मानाने हे अंतर सहाव्या हिश्श्याचं आहे. दहावीला पोचेपर्यंत तेच अंतर पंधराव्या हिश्श्यावर येतं आणि मग त्याने फारसं बिघडत नाही. पहिलीत मात्र बिघडतं: मोठीला 'हुशार' आणि धाकटीला 'कच्ची' म्हणून शिक्का बसतो, आणि मोजलेलं असतं फक्त वय.

दुसरी गोष्ट नशिबाची. एक लहान हिशेब करून पाहू. समजा एका मुलाला वर्षभराच्या गणितातल्या दर दहा प्रश्नांपैकी सात येतात. त्याला दहा प्रश्नांचा पर्चा दिला तर सात गुण पडायला हवेत. पण कोणते दहा प्रश्न येतील हे नशिबावर आहे. संभाव्यतेचं गणित मांडलं तर शंभरातल्या साधारण पंधरा वेळा त्याला पाच किंवा त्याहून कमी गुण पडतील आणि साधारण पंधरा वेळा नऊ किंवा दहा. मूल तेच, ज्ञान तेच. एका घरी पेढे येतात आणि दुसऱ्या घरी ट्यूशन लागते. पर्चा जितका लहान तितका हा हेलकावा मोठा, आणि लहान मुलांना मोठा पर्चा देता येत नाही.

तिसरी गोष्ट इंदूरच्या मराठी घरांची खास. मूल आजीकडून एकोणसाठ ऐकतं, हिंदी बोलणाऱ्या बाईंकडून उनसठ ऐकतं आणि इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकात फिफ्टी नाईन. श्रुतलेखनात आकडा चुकला तर त्याला मोजता येत नाही असं समजायचं, की या तीन नावांची सांगड अजून बसलेली नाही असं? पाच मिनिटं मुलाशी बोलणाऱ्याला हे लगेच कळतं. पर्च्यावर मात्र दोन्हीची खूण एकच, लाल फुली.

आता एक बेरीज-वजाबाकीची वही जवळून पाहू. गणित आहे ५२ वजा २७. बरोबर उत्तर २५. एका मुलाने ३५ लिहिलं, दुसऱ्याने २६. दोघांनाही शून्य. पहिल्याला विचारलं, "कसं केलंस?" तो सांगतो, "सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन." म्हणजे वर असो की खाली, प्रत्येक घरात मोठ्यातून लहान काढायचा असा नियम त्याने स्वतःच बनवला आहे. त्याला दशक सुटा करणं समजलेलंच नाही. त्याच्यापुढे काड्यांचे पाच जुडगे आणि दोन सुट्या काड्या ठेवून एक जुडगा सोडायला लावावा लागेल. दुसरा म्हणतो, "बावन्नपासून मागे मोजत गेलो." त्याने मोजताना बावन्न हाच पहिला धरला, म्हणून एकाने चुकला. त्याला वजाबाकी कळलेली आहे. मोजायला कुठून लागायचं एवढं एकदा दाखवलं की झालं. एकाला आठवडाभर शिकवायला हवं, दुसऱ्याला एक मिनिट पुरे. शून्य हा गुण दोघांतला हा फरक पुसून टाकतो आणि शिक्षकाला उपयोगी पडणारी नेमकी तेवढीच माहिती होती. लहान वयातल्या गुणांवर माझा सर्वांत मोठा आक्षेप हा आहे.

४. चार वाक्यांचा कागद

मग पाहायचं कसं? त्याचं उत्तम साधन आपल्याच देशात तयार झालं आहे. 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून 'असर' ही पाहणी होते. कार्यकर्ते गावात घरोघर जातात आणि अंगणात, ओसरीवर मुलाशेजारी बसून एक कागद पुढे ठेवतात. त्यावर चार भाग असतात: सुटी अक्षरं, सोपे शब्द, चार सोप्या वाक्यांचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. सुरुवात परिच्छेदापासून करतात. तो नीट वाचला तर गोष्ट द्यायची. अडखळला तर शब्द, आणि शब्दही जमले नाहीत तर अक्षरं. कोणत्याही पाच शब्दांपैकी चार आले तर मूल 'शब्द' पातळीवर. गणितातही तसंच: अंक ओळखणं, मग हातच्याची वजाबाकी, मग भागाकार.

यात मूल नापास होत नाही. ते कुठल्या पायरीवर उभं आहे एवढं कळतं आणि उद्या काय शिकवायचं तेही त्याच क्षणी कळतं. अक्षरांवर असलेल्या मुलाला उद्या धडा वाचायला लावायचा नाही. हे पाहायला शाळेची घंटा लागत नाही, पर्यवेक्षक लागत नाही. एका मुलामागे काही मिनिटं लागतात, मात्र ती पूर्णपणे त्या मुलाची असावी लागतात.

केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' मोहिमेनेही २०२१ मध्ये अशीच ठोस उद्दिष्टं ठरवली. पहिलीअखेर चार-पाच सोप्या शब्दांचं वाक्य वाचता यावं, दुसरीत मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तिसरीत किमान ६०. संख्या पहिलीत ९९ पर्यंत, दुसरीत ९९९, तिसरीत ९,९९९. हे आईला घरी, भाजी निवडतानाही पाहता येण्यासारखं आहे.

५. निकालाला पैसे जोडले तेव्हा

लहान मुलांची औपचारिक परीक्षा ही नवी कल्पना नाही. १८६२ साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो यांनी शाळांचं अनुदान मुलांच्या वाचन, लेखन आणि गणितातल्या निकालाशी बांधलं. सहा वर्षांवरच्या प्रत्येक मुलाची तपासनीस परीक्षा घेई, आणि मूल एका विषयात नापास झालं की शाळेचे २ शिलिंग ८ पेन्स कापले जात. मुंबई इलाख्यातही निकालावर अनुदान देण्याची पद्धत आली. परिणाम व्हायचा तोच झाला. शिक्षकांनी परीक्षेला येणारं तेवढंच शिकवलं आणि मुलांनी वाचनाचं पुस्तक पाठ केलं. स्वतः शाळा तपासनीस असलेले मॅथ्यू आर्नल्ड या पद्धतीवर सतत टीका करत राहिले. एकोणिसावं शतक संपण्यापूर्वी इंग्लंडने ती मोडीत काढली. पुढे १९९१ मध्ये त्यांनी सात वर्षांच्या मुलांसाठी राष्ट्रीय चाचण्या आणल्या, आणि २०२३-२४ पासून त्याही ऐच्छिक केल्या.

६. आपल्याच राज्यातले दोन प्रयोग

परीक्षेविना लहान मूल शिकतं का, हे बघायला इंदूरकराला लांब जावं लागत नाही. शालिनीताई मोघे यांनी १९४७ साली इंदुरात बाल निकेतन संघ सुरू केला आणि माँटेसरी पद्धतीचं बालशिक्षण इथल्या घराघरांच्या ओळखीचं केलं. १९६८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. माँटेसरीच्या साधनांत एक दट्ट्यांची पेटी असते: लाकडी ठोकळ्यात दहा खाचा आणि त्यांत बसणारे, जाडीला किंवा उंचीला कमी-जास्त होत जाणारे दहा दट्टे. मुलाने एक दट्टा चुकीच्या खाचेत बसवला की शेवटी एक दट्टा असा उरतो जो कुठेच नीट बसत नाही. बाईंनी 'चुकलं' म्हणायची गरज राहत नाही. मूल स्वतःच सगळे दट्टे काढतं आणि पुन्हा लावायला बसतं. बाईंचं काम पाहण्याचं आणि नोंद करण्याचं. इथे मोजमाप दर मिनिटाला चाललेलं असतं आणि मुलाला त्याची भीती वाटत नाही.

दुसरा प्रयोग मोठ्या मुलांचा, पण विचार करायला लावणारा. होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ माध्यमिक शाळांतून विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला. पुढे 'एकलव्य' संस्थेने तो वाढवला आणि २००२ पर्यंत तो चालला. त्यातली परीक्षा पुस्तक उघडं ठेवून द्यायची होती आणि प्रत्यक्ष प्रयोग करून दाखवायचे होते. पाठ करणाऱ्याला तिथे काही फायदा नव्हता. परीक्षेचं रूप कसं असावं हे आपण ठरवू शकतो, याचा हा सरकारी शाळांतला पुरावा.

७. "पण परीक्षा नाही म्हणून तर मुलं शिकत नाहीत"

हा आक्षेप मनापासूनचा आहे आणि त्यामागची काळजी खरी आहे. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्याहून थोडी कमी मुलं, ४८.८ टक्के, दुसरीचा मजकूर वाचू शकली. हे चित्र भयंकर आहे. मूल पाच वर्षं शाळेत जातं आणि त्याला गोष्ट वाचता येत नाही, तर आईबापांनी चिडायलाच हवं.

पण ते मूल अडलं कधी? पहिली-दुसरीत, अक्षरावरून शब्दावर जाताना. पाचवीची परीक्षा ही बातमी तीन वर्षांनी देते आणि मग दुरुस्तीला दोन महिने देते. जे तीन वर्षांत झालं नाही ते दोन महिन्यांत व्हावं, आणि झालं नाही तर किंमत दहा वर्षांच्या मुलाने मोजावी, हे मला न्यायाचं वाटत नाही. परीक्षा पहिलीत आणली तरी हा दोष जात नाही. कारण पहिलीतही ती 'गुण कमी' एवढंच सांगेल, अक्षरावर अडलं की शब्दावर हे सांगणार नाही.

सवयीचं म्हणाल, तर आठवून सांगण्याची सवय जरूर लावा. शिकलेलं पुन्हा नुसतं वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवण्याने ते जास्त टिकतं, हे मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांवरच्या प्रयोगांत दाखवलं. आपल्या घरांत दिवेलागणीला परवचा म्हणवून घेत, त्यात पाढे आठवूनच म्हणावे लागत. तिथे गुण नव्हते आणि चुकलं की आजोबा पुढचा शब्द पुरवत. अशी चाचणी रोज घ्या. तीन तासांच्या पर्च्याला बसण्याची सवय मात्र आठवी-नववीतही काही महिन्यांत लागते. तिच्यासाठी सहाव्या वर्षापासून तालीम लागत नाही.

परीक्षेच्या बाबतीत कडक समजले जाणारे देशही याच निष्कर्षाला आले आहेत. सिंगापूरने २०१९ पासून पहिली-दुसरीच्या गुण धरल्या जाणाऱ्या परीक्षा बंद केल्या. चीनने २०२१ मध्ये पहिली-दुसरीच्या लेखी परीक्षांना मनाई केली. आपल्याकडे २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी चाचण्या आणि परीक्षा अयोग्य असल्याचं स्पष्ट लिहिलं आहे. २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरण तिसरी, पाचवी आणि आठवीला परीक्षा सुचवतं, पण तिचा उपयोग शाळा सुधारण्यासाठीच व्हावा असं म्हणतं.

तेव्हा माझा कौल असा. दुसरीपर्यंत गुण नकोत, पर्चे नकोत. दर महिन्याला एकदा तरी प्रत्येक मुलाला समोर बसवून वाचून घ्यावं आणि पायरी लिहून ठेवावी. तिसरी-चौथीत लहान लेखी चाचण्या चालतील, पण निकालाच्या जागी कुठे अडलं याची ओळ हवी. पाचवीची परीक्षा राहिलीच, तर तिच्यावरून मुलाला मागे ठेवू नये.

८. पालकसभेत काय विचारायचं

पुढच्या पालकसभेला जाल तेव्हा "किती मार्क पडले?" आणि "पहिला कोण आला?" हे दोन प्रश्न बाजूला ठेवा. बाईंना विचारा, "आमचं मूल अक्षरांवर आहे, शब्दांवर आहे की परिच्छेद वाचतं? मागच्या महिन्यात कुठे होतं?" बाईंना सांगता आलं नाही तर रागावू नका. एका वर्गात चाळीस-पन्नास मुलं असतील तर त्यांना तेवढा वेळ मिळत नाही. मग तो वेळ त्यांना मिळावा म्हणून मुख्याध्यापकांकडे शब्द टाका. युनिट टेस्टचे चार दिवस वाचले तरी वर्गातल्या प्रत्येक मुलाचं वाचन एकेकटं ऐकून होतं.

आणि ज्यांचं मूल यंदा पाचवीत आहे त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: मूल कमी पडलं तर निकालानंतर ज्यादा शिकवणं ही शाळेची जबाबदारी आहे आणि दोन महिन्यांच्या आत दुसरी संधी मिळणं हा मुलाचा कायदेशीर हक्क आहे. त्यासाठी वेगळी फी भरून ट्यूशन लावण्याआधी शाळेत जा आणि ते शिकवणं मागून घ्या.